मिठूच्या सहलीला बाबा

पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसणाऱ्या हेडक्लार्कांना परदेशी जायची संधी आयुष्यात एकदाच आली, आणि तीही खरं म्हणजे त्यांच्या मुलीची होती.

मुलीच्या शाळेने वरच्या वर्गाची शैक्षणिक सहल काढली होती. विषय ‘शहर आणि पाणी’. परदेशातल्या एका शहरात आठवडाभर राहायचं आणि तिथलं धरण, जुनं पंपघर, सांडपाण्याचे बोगदे असं सगळं बघायचं. आपल्याकडची गटारं बघायला कोणाची मनाई नव्हती, पण ती शैक्षणिक धरली जात नाहीत. मुलांबरोबर भूगोलाच्या बाई जाणार होत्या आणि एक पालक हवा होता. पालकसभेत बाईंनी विचारलं, ‘‘पाण्याच्या क्षेत्रातलं कोणी आहे का?’’ आणि हेडक्लार्कांचा हात वर गेला. आपण पाण्याच्या नव्हे, पाण्याबद्दलच्या तक्रारींच्या क्षेत्रात आहोत, हा बारीक फरक त्यांच्या लक्षात आला तेव्हा टाळ्या वाजून गेल्या होत्या. शेजारी बसलेल्या मुलीने त्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. छताला तडा जाताना दिसावा आणि उठून पळायला जागा नसावी, तसं.

‘‘तिला आनंद झालाय,’’ हेडक्लार्क बाईंना म्हणाले. ‘‘बोलत नाही ती, पण मला कळतं.’’

मुलीचं घरातलं नाव मिठू. तान्ही असताना पडल्या पडल्या अखंड बडबड करायची म्हणून आईने ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, आणि तेव्हापासून मिठू ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चालेल’ एवढ्यावर दिवस काढायची. उरलेलं सगळं तिच्या वतीने हेडक्लार्क बोलत. दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘‘कुठे दुखतंय?’’ की हे म्हणत, ‘‘डावीकडची खालची दाढ.’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘मी तिला विचारतोय.’’ तर म्हणाले, ‘‘तेच सांगतोय ना मी!’’ डॉक्टरांनी शेवटी वैतागून यांनाच आ करायला लावला नाही, एवढंच.

घरातही तेच. हवामान, लिफ्ट, नळाचा दाब, कार्यालयातल्या पंख्याचा आवाज, कुठलाही विषय त्यांना वर्ज्य नव्हता. घरात शांतता पसरायला लागली की दूध उतू जाताना धावावं तसे ते धावत. एकच विषय ते कधी काढत नसत, आणि तो कोणता हे मिठूलाही माहीत होतं.

त्या विषयाने त्यांना पासपोर्ट कार्यालयात गाठलं.

तशी अडचणींची सुरुवात फोटोपासून झाली. मिठूचा फोटो परत आला, कारण तिची नजर खाली होती. हेडक्लार्कांचा परत आला, कारण ते हसत होते. ‘‘चेहऱ्यावर काही भाव नको,’’ खिडकीतला माणूस म्हणाला. भाव नसलेला चेहरा करायचा म्हणजे काय, हे पंचवीस वर्षं सरकारी खिडकीत बसलेल्या माणसाला कोणी शिकवावं, याचा त्यांना मनस्वी राग आला. पण राग हाही भावच असल्यामुळे दुसरा फोटोही परत आला.

मग त्या माणसाने विचारलं, ‘‘मुलगी लहान आहे. आईपण सही करायला येतील ना?’’

‘‘नाही.’’

‘‘का?’’

‘‘नाही येऊ शकत.’’

‘‘बाहेरगावी असतात का?’’

हेडक्लार्कांनी मागच्या रांगेकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या मिठूकडे मात्र पाहिलं नाही. आणि म्हणाले, ‘‘हो.’’

झालं. आई बाहेरगावी म्हटल्यावर बाहेरगावच्या आईचं संमतिपत्र आलं. संमतिपत्र म्हटल्यावर तिच्या तिथल्या पत्त्याचा पुरावा आला. हेडक्लार्क दर खेपेला एक नवीन सबब घेऊन जात आणि दर खेपेला बायकोचा मुक्काम आणखी लांब जाई. सासरच्या एका नातेवाइकाची शुश्रूषा करायला ती गेली आहे, इथपर्यंत मजल पोचल्यावर खिडकीतला माणूस सहानुभूतीने म्हणाला, ‘‘तुमचं प्रकरण योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे.’’ हे वाक्य हेडक्लार्क स्वतः रोज लोकांना सांगत आले होते. त्यात किती दिलासा आहे, असं त्यांना वाटत आलं होतं. काचेच्या पलीकडून ऐकलं तेव्हा ते पाठीवर गार पाणी ओतल्यासारखं लागलं.

सहल तोंडावर आली तेव्हा एका सकाळी त्यांनी मुकाट्याने मृत्यूचा दाखला काचेखालून आत सरकवला. त्या माणसाने दाखला वाचला. पुन्हा वाचला. मग मान वर केली.

‘‘अहो, मग इतके दिवस बाहेरगावी का सांगत होतात?’’

सगळी रांग ऐकत होती. ‘‘आज उकडतंय फार,’’ हेडक्लार्क म्हणाले.

शेजाऱ्यांचे सल्ले तोवर सुरू झालेच होते. वरच्या मजल्यावरचे विमा एजंट एकदा कंपनीच्या खर्चाने परदेशी जाऊन आले होते आणि तेव्हापासून जमिनीवर उतरले नव्हते. त्यांनी सांगितलं, ‘‘बॅगेच्या चेनवर विश्वास ठेवू नका. चेन चोरांच्या सोयीसाठीच बनवलेली असते. बॅगेला दोरी बांधा, जाड, आडवी-उभी.’’ कागदपत्रांच्या प्रती मोज्यात ठेवा, असंही सांगितलं. एक मोजा हरवला तर, म्हणून दोन्ही मोज्यांत. समोर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाई फक्त एवढंच म्हणाल्या, ‘‘तुम्ही कशाला जाताय? पोरीला एकटीला जाऊ द्या की.’’ त्या आठवड्यात मिळालेला हा एकमेव शहाणा सल्ला होता, त्यामुळे हेडक्लार्क त्यावर मनापासून हसले आणि दोरी आणायला गेले.

दोरीने परदेशच्या भूमीवर पाऊल ठेवताक्षणीच आपलं काम केलं. सामानाच्या फिरत्या पट्ट्यावर बॅग आली, दोरीचं एक टोक सुटून पट्ट्याच्या फटीत गेलं, करकर असा आवाज झाला आणि पट्टा थांबला. अख्ख्या विमानातली माणसं आपापल्या बॅगांकडे लांबून बघत उभी राहिली. कात्री घेऊन एक कामगार आला. ‘‘हू इज ओनर?’’ त्याने विचारलं. हेडक्लार्क पुढे झाले. झाले ते झाले, शिवाय ही दोरी इतकी चांगल्या प्रतीची आहे की ती तुटली नाही, पट्टा थांबला, हे त्याला समजावून सांगायला लागले. त्यांनी वळून मिठूला शोधलं, तर ती वर्गातल्या दोन मुलींच्या मागे जाऊन उभी होती. त्या मुली हसत होत्या. मिठू हसत नव्हती. पण ती यांच्या बाजूला उभी नव्हती, हे त्यांना लागलं.

ते शहर राखाडी होतं. आभाळ खाली उतरून घरांच्या कौलांवर बसल्यासारखं. दिवसभर भुरभुर पाऊस, आणि वसतिगृहाच्या लांबलचक जेवणघरात ओल्या कोटांचा वास. तिथल्या माणसांचं इंग्रजी आपल्याइतकंच तोडकंमोडकं होतं, त्यामुळे मुलांचं छान जमून गेलं. अडत होतं ते फक्त एका टेबलाशी. वाढणाऱ्या बाईने मिठूला काही विचारलं की हेडक्लार्क पलीकडच्या बाकावरून ओरडत, ‘‘शी डझन्ट लाइक! ओन्ली मिल्क!’’ मिठूच्या ताटात दूध येई. ती ते पिऊन टाके. शेजारच्या मुलीला तिने आपणहून काहीतरी विचारलं, असं त्यांना एकदा वाटलं. ते कान देऊन पुढे झुकले आणि ती गप्प झाली.

भूगोलाच्या बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. ‘‘साहेब, मुलांना जरा बोलू द्या ना.’’

‘‘मी कुठे अडवतोय?’’ हेडक्लार्क म्हणाले, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं मुलांना बोलू देणं किती महत्त्वाचं आहे यावर बोलले.

मग पंपघराचा दिवस आला.

जुनं दगडी पंपघर आता संग्रहालय झालं होतं. वाफेवर चालणारी काळी अजस्र यंत्रं, पितळी तबकड्या, आणि जमिनीखाली माणूस उभा जाईल एवढे नळ. माहिती सांगणारी तरुण मुलगी एकेका यंत्रापाशी थांबत होती आणि तिच्या मागे उभे राहून हेडक्लार्क हळू आवाजात तिच्या चुका दुरुस्त करत होते. त्यातल्या निम्म्या चुका त्यांच्याच होत्या. मुलं एकेक करून त्यांच्यापासून लांब सरकली. सगळ्यात आधी मिठू सरकली.

तेव्हा हेडक्लार्कांनी ठरवलं, की ठीक आहे, आपण आपलं बघू. भिंतीत एक लोखंडी दार होतं आणि दारावर तिकडच्या भाषेत लाल पाटी. आतल्या व्हॉल्व्हचं नाव असणार, असं समजून त्यांनी दार ढकललं. आत खाली उतरणारी अरुंद गल्ली होती, मिणमिणते दिवे, आणि टोकाला खरोखरच एक अवाढव्य व्हॉल्व्ह. ते भान हरपून चार पावलं आत गेले आणि मागे दार धाडकन लागलं. आतल्या बाजूला कडी नव्हती, मूठ नव्हती, काही नव्हतं.

फोनला रेंज नव्हती. त्यांनी दार ठोठावलं, हाका मारल्या. शेवटी भिंतीवर एक लाल खटका दिसला. खात्यातल्या माणसाचा आत्मविश्वास एकवटून त्यांनी तो ओढला. दार उघडलं नाही. मात्र वर कुठेतरी भयंकर भोंगा वाजायला लागला. ‘‘कोणीतरी गोंधळ घातलेला दिसतोय,’’ हेडक्लार्क स्वतःशी म्हणाले.

वर काय झालं ते त्यांना नंतर बाईंकडून कळलं. सगळं संग्रहालय रिकामं केलं गेलं. शाळकरी मुलं, म्हातारीकोतारी, एक नवविवाहित जोडपं, सगळी पावसात अंगणात उभी. आगीचा बंब आला. बाईंनी मुलं मोजली, ती बरोबर भरली. मग पालक मोजला, तो भरेना. बाई रखवालदाराला सांगायला गेल्या आणि त्यांना रडूच फुटलं. इंग्रजी पार पळालं. रखवालदार म्हणे, आत कोणी नाही, आम्ही बघितलंय. तेव्हा मुलांच्या घोळक्यातून मिठू निघाली आणि बंबावरच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

खाली हेडक्लार्क बोलत होते. आधी दाराशी बोलले, मग व्हॉल्व्हशी. या व्हॉल्व्हची निगा कशी राखली पाहिजे ते बोलले. मग कार्यालयातल्या पंख्याबद्दल बोलले. मग घशाला कोरड पडली, दिवा मिचमिचला, आणि त्यांना आढळलं की बोलायला काही उरलेलं नाही. भोंगाही थांबला होता. ते गार नळावर टेकले. इतकी शांतता त्यांनी दोन वर्षांत ऐकली नव्हती. त्या शांततेत बायको लगेच आली, दाराबाहेर थांबल्यासारखी: दवाखान्याच्या खाटेवर डोळे मिटून पडलेली, आणि हे उशाशी बसून तिला नवीन पाणीपट्टीचे नियम सांगतायत. शेवटच्या आठवड्यात तिने एकदाच हात वर करून यांच्या ओठांवर ठेवला होता. यांना वाटलं होतं, तिला पाणी हवंय. हे पाणी आणायला उठून गेले होते.

दार उघडलं तेव्हा ते तसेच बसलेले होते. समोर बंबाचा अधिकारी, रखवालदार, आणि त्यांच्यामध्ये डोक्याला भलंमोठं पिवळं शिरस्त्राण घातलेली मिठू.

‘‘जिथे सगळ्यात मोठा व्हॉल्व्ह असेल तिथे असतील, असं मीच त्यांना सांगितलं,’’ ती म्हणाली. ‘‘लागलंय का कुठे?’’

हेडक्लार्क उठले आणि अधिकाऱ्याला म्हणाले, ‘‘अ‍ॅक्च्युअली, धिस डोअर...’’

मिठूने त्यांच्या दंडाला धरलं. ‘‘बाबा, राहू द्या. मी बोलते.’’

संग्रहालयाच्या छोट्या कचेरीत ती बोलली. चष्मा लावलेल्या एका बाईने प्रश्न विचारले आणि मिठूने उत्तरं दिली. क्रियापदं चुकत होती, मध्येच शब्द अडत होता, मग ती थांबून दुसरा शोधत होती आणि पुढे जात होती. हे माझे वडील. ते चोर नाहीत, पाणीपुरवठ्यात आहेत. दारावरची पाटी त्यांना वाचता आली नाही. हो, खटका त्यांनीच ओढला. चुकलंच. हेडक्लार्क कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ऐकत होते. कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतं. पोरीचा आवाज बदलला होता. थोडा घोगरा, खालच्या पट्टीतला, मोठ्या बाईचा आवाज. तो केव्हा बदलला, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

‘‘घरी आईला कळवायचं आहे का?’’ चष्मेवाल्या बाईने विचारलं.

हेडक्लार्क खुर्चीत पुढे सरकले. उकाड्याबद्दल काही म्हणावं तर बाहेर पाऊस पडत होता.

‘‘आई नाही,’’ मिठू म्हणाली. ‘‘दोन वर्षांपूर्वी वारली.’’

‘‘आय अ‍ॅम सॉरी,’’ ती बाई म्हणाली. मिठू म्हणाली, ‘‘थँक यू.’’ आणि बाईने पुढचा प्रश्न विचारला. एवढंच झालं. छत कोसळलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही.

संग्रहालयाने हेडक्लार्कांना पुन्हा न येण्याची विनंती केली, आणि ती इतक्या सभ्य भाषेत केली की त्यांना आधी निमंत्रणच वाटलं. भूगोलाच्या बाईंनीही हात जोडले. ‘‘साहेब, राग मानू नका. पण उद्यापासून तुम्ही वसतिगृहातच विश्रांती घ्या.’’ मुलांना सोबत म्हणून आलेला पालक मुलांच्या सोयीसाठी खोलीत ठेवला गेला. उरलेले दिवस हेडक्लार्क जेवणघराच्या खिडकीशी बसून काढू लागले. वाढणारी बाई त्यांच्यासमोर न विचारता दूध ठेवून जाई.

धरण बघून मुलं परत आली त्या संध्याकाळी त्यांना बाहेरून हसण्याचा आवाज आला. खळखळून, श्वास लागेपर्यंत कोणीतरी हसत होतं. त्यांनी ते हसणं ओळखलं नाही. दार उघडलं, मिठू आत आली, तिने यांना खिडकीशी पाहिलं आणि तिचं हसू थांबलं.

हेडक्लार्कांना त्या क्षणी दोरी, व्हॉल्व्ह, बंब, सगळं परवडलं असं वाटलं.

ती मैत्रिणींना पुढे जा म्हणाली आणि येऊन समोर बसली. केसांतून पाणी ठिबकत होतं.

‘‘तू हसत होतीस,’’ हेडक्लार्क म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘घरी नाही हसत.’’

‘‘बाबा, घरी मध्ये बोलायला जागा कुठे असते?’’

ते काही म्हणणार होते. तिने हात केला, तसे थांबले.

‘‘मला राग नाही आला कधी,’’ ती म्हणाली. ‘‘मीच तुम्हाला बोलू द्यायचे. तुम्ही गप्प झालात तर रडाल, असं वाटायचं. आणि तुम्ही रडलात तर मी काय करायचं, ते मला माहीत नव्हतं. म्हणून म्हटलं, बोलू देत. दाढेबद्दल बोलतायत ना, बोलू देत. ती उजवीकडची होती, डावीकडची नव्हतीच.’’

‘‘मग त्या डॉक्टरने...’’

‘‘हो. चांगली दाढ भरली त्याने.’’

एरवी हेडक्लार्क यावर तासभर बोलले असते. दंतवैद्यकाची एकूण अवस्था हा त्यांचा आवडता विषय होता. पण त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की दोन वर्षं आपण पोरीला सांभाळतोय असं समजत होतो, आणि ती, गालात दुखरी दाढ घेऊन, आपल्याला सांभाळत होती. त्यांनी समोरचा दुधाचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

पुढचे दिवस ते गप्प राहिले. बाईंना चिंता वाटायला लागली. ‘‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’’ परतीच्या विमानात हवाईसुंदरीने मिठूला काय हवंय ते विचारलं तेव्हा त्यांनी ओठ इतके घट्ट मिटून घेतले की तिने त्यांनाच आधी उलटीची पिशवी दिली. मिठूने टोमॅटोचा रस मागितला. तिला टोमॅटोचा रस आवडतो, हे त्यांना त्या उंचीवर कळलं.

घर बंद राहून कोंदट झालं होतं. मिठूने खिडक्या उघडल्या. हेडक्लार्क बूट न काढताच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. नळाबद्दल, धुळीबद्दल, विमानातल्या जागेबद्दल बोलता येण्यासारखं पुष्कळ होतं. त्यांनी काहीच काढलं नाही. घरात शांतता पसरली, भिंतीपर्यंत गेली, आणि ते बसून राहिले.

मिठू खुर्ची ओढून समोर बसली.

‘‘बाबा, आईबद्दल काहीतरी सांगा ना.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘काहीही.’’

त्यांनी तोंड उघडलं. जगातल्या कुठल्याही विषयावर आयत्या वेळी बोलणाऱ्या त्या माणसाच्या घशातून शब्द फुटेना.

‘‘तुझी आई,’’ ते म्हणाले, आणि थांबले. मिठूने घाई केली नाही.

‘‘तुझी आई फार बेसूर गायची. भाजी चिरताना. मी बाहेरच्या खोलीतून ओरडायचो, की पुरे झालं. आणि मग ती आणखी मोठ्याने...’’

तिथे त्यांचा चेहरा मोडला. खांदे हलायला लागले, नाकातून विचित्र आवाज यायला लागला. सन्मानाने रडता येईल असं त्यांचं वयही नव्हतं आणि सवयही. त्यांनी तोंडावर हात घेतला, पण तो पुरेना.

मिठूचा चेहरा पांढरा पडला होता. पण ती उठली नाही, पाणी आणायला गेली नाही, तिने दुसरीकडे बघितलं नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवून ती समोर बसून राहिली, त्यांचा श्वास परत येईपर्यंत.

‘‘मग,’’ ती म्हणाली. ‘‘आणखी मोठ्याने काय गायची?’’